वर्ग बंद करून मांडव घालू नका : वनस्पती उद्यानाच्या व्यवस्थापन समितीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
व्यवस्थापन समिती, सार्वजनिक वनस्पती उद्यान

सविनय नमस्कार.

उद्यानाच्या फाटकावर आणि माहितीकक्षाच्या काचेवर आपण लावलेली सूचना आम्ही वाचली. येत्या हंगामापासून मधली मोठी हिरवळ आणि हरितगृहापुढचे अंगण दर शनिवारी व रविवारी एका कंत्राटदारामार्फत खासगी समारंभांसाठी भाड्याने दिले जाईल, नागरिकांसाठीचे विनामूल्य अभ्यासवर्ग ‘तूर्त स्थगित’ राहतील, मुलांच्या वाफ्यांची जागा वाहनतळासाठी घेतली जाईल आणि शिक्षण विभागाचे काम ‘पुनर्रचना होईपर्यंत’ कार्यालय पाहील, असे त्या सूचनेत म्हटले आहे. हा निर्णय घेण्यापूर्वी वर्गांना येणाऱ्यांना, वर्ग घेणाऱ्यांना किंवा तिथे रोज राबणाऱ्या माळ्यांना कोणी काही विचारले, असे आमच्या ऐकिवात नाही. उद्यान सार्वजनिक असल्यामुळे त्याविषयीची तक्रारही बंद पाकिटातून करण्याचे कारण मला दिसत नाही. म्हणून हे पत्र आपल्याला उद्देशून, पण सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

माझा या उद्यानाशी संबंध काय, हे आधी सांगते. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर नाही. वनस्पती ओळखण्याच्या शनिवारच्या वर्गाला मी कुतूहलापोटी येऊ लागले. पान समोरासमोर आहे की एकाआड एक, देठाच्या बुडाशी उपपर्णे आहेत की नाहीत, चीक निघतो का, हे पाहायला त्या वर्गाने शिकवले. पुढे मी झाडांच्या पाट्या तपासणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटात आले आणि आजही त्या गटात काम करते. मला जे थोडेफार येते ते मला या उद्यानाने विनामूल्य दिले आहे, आणि ते देणे थांबवण्याचा निर्णय मी गप्प बसून मान्य करू शकत नाही.

एक गैरसमज आधीच दूर करते. उद्यानात कार्यक्रम होऊ नयेत, लोकांनी पाय न वाजवता फिरावे आणि बाकांवर हळू आवाजात बोलावे, अशी माझी मागणी नाही. केप टाउनच्या कर्स्टनबोश उद्यानात उन्हाळ्यात हिरवळीवर मैफली होतात. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानाला २०१५ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तिथल्या तळ्यात संगीतासाठी कायमचा रंगमंच आहे. मिझुरीच्या वनस्पती उद्यानात जपानी पद्धतीची बाग आहे आणि दरवर्षी जपानी महोत्सव भरतो. या तिन्ही उद्यानांचे संशोधनाचे आणि शिक्षणाचे काम जगभर नावाजलेले आहे. गर्दी आणि वनस्पतिशास्त्र यांचे वैर नाही. आमचा आक्षेप एवढाच आहे की आपल्या नव्या व्यवस्थेत कार्यक्रमांचा झाडांशी काही संबंधच उरलेला नाही. कंत्राटदाराला एक मोकळी, हिरवी, मध्यवर्ती जागा हवी होती आणि ती आपण दिली. तिथे झाडांऐवजी रंगवलेले पडदे असते तरी त्याचे काही अडले नसते.

बाग आणि वनस्पती उद्यान यांच्यातला फरक समितीला सांगावा लागेल असे वाटले नव्हते, पण सूचनेची भाषा वाचल्यावर तो सांगावासा वाटतो. बागेत झाडे सुंदर दिसावीत म्हणून लावतात. वनस्पती उद्यानात प्रत्येक झाडामागे एक नोंद असते: ते कुठून आले, कोणी आणले, बी आणले की कलम, कोणत्या वर्षी लावले, पुढे त्याचे काय झाले. इटलीतल्या पदुआ शहरातले उद्यान १५४५ मध्ये स्थापन झाले आणि ते अजूनही आपल्या मूळ जागीच आहे. ते स्थापन करण्यामागचे कारण अगदी व्यवहारी होते. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना खरी औषधी वनस्पती आणि तिच्यासारखी दिसणारी भलती वनस्पती यांतला भेद जिवंत झाडासमोर उभे करून शिकवायचा होता. तिथल्या मौल्यवान रोपांच्या रात्री इतक्या चोऱ्या होऊ लागल्या की उद्यानाभोवती गोल भिंत बांधावी लागली. लंडनमधले चेल्सीचे उद्यान १६७३ मध्ये औषधविक्रेत्यांच्या संघाने आपल्या शिकाऊ उमेदवारांसाठीच काढले. म्हणजे या संस्थेच्या जन्मापासून वर्ग तिच्या पोटात आहे. तो नंतर चिकटवलेला समाजसेवेचा उपक्रम नाही, की अडचण आली म्हणून आधी त्याच्यावर कात्री चालवावी.

आता तक्रारी एकेक करून मांडते. गेल्या हंगामात ‘प्रायोगिक तत्त्वावर’ जे समारंभ झाले, त्यांच्यात आणि त्यांच्यानंतर आम्ही जे पाहिले त्यावर त्या आधारलेल्या आहेत.

पहिली तक्रार मातीची आहे. झाड वर जेवढे उंच, तेवढीच त्याची मुळे खाली खोल गेलेली असतात, अशी आपल्यातल्या बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात पाणी आणि अन्नद्रव्ये शोषून घेणारी बहुतेक बारीक मुळे वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बऱ्याच बाहेरपर्यंत पसरलेली असतात. चांगल्या मातीचे जवळजवळ निम्मे आकारमान पोकळ्यांचे असते. त्यांत हवा आणि पाणी खेळते, म्हणून मुळांना श्वास घेता येतो. ओल्या मातीवरून जड गाडी गेली की या पोकळ्या दबतात. बरेचसे नुकसान पहिल्या काही फेऱ्यांतच होते, त्यामुळे ‘एकदाच तर गाडी आत आणली’ या सबबीला अर्थ उरत नाही. मोठ्या हिरवळीच्या पश्चिमेच्या कडेला असलेल्या गोरखचिंचेच्या बुंध्यापासून दोन हातांवर मांडवाचे लोखंडी खुंट ठोकलेले आम्ही पाहिले. जनित्राची गाडी तिच्या मुळांवर रात्रभर उभी होती आणि दुसऱ्या दिवशी तिथे तेलाचा डाग होता. मांडव निघाल्यावर गवत पिवळे पडले आणि ते बदलून घेतल्याचे कार्यालयाने आम्हाला समाधानाने सांगितले. गवत महिन्याभरात येते. गवताखालची दबलेली माती पूर्ववत व्हायला वर्षे लागतात, आणि मुळे गुदमरलेले मोठे झाड लगेच वाळत नाही. शेंडा विरळ होतो, एखादी फांदी मरते, बुरशी शिरते, आणि झाड पडते तेव्हा त्या समारंभाची आठवणही कोणाला राहिलेली नसते.

कोलकात्याजवळच्या शिबपूरच्या वनस्पती उद्यानातला प्रसिद्ध वड या बाबतीत नशीबवान ठरला. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांनी त्याला जखमी केले, पुढे मुख्य खोडाला बुरशी लागली आणि १९२५ मध्ये ते खोड काढून टाकावे लागले. पारंब्यांच्या खोडांवर तो आजही उभा आहे आणि पसरतो आहे. आपल्या गोरखचिंचेला पारंब्या नाहीत.

दुसरी तक्रार पाट्यांची आहे. ती ऐकायला क्षुल्लक वाटते, पण मला सर्वांत गंभीर वाटते. उद्यानातल्या प्रत्येक नोंदलेल्या झाडावर धातूची एक छोटी पाटी असते. तिच्यावर शास्त्रीय नाव असते आणि त्याखाली एक क्रमांक असतो: आधी झाड उद्यानात आले ते वर्ष, मग त्या वर्षातला अनुक्रमांक. पाटी खोडाला स्प्रिंगच्या तारेने अडकवलेली असते, म्हणजे खोड जाडावत गेले तरी तार सालीत रुतत नाही. माडवर्गीय झाडांच्या भागात खोडांना दिव्यांच्या माळा गुंडाळायच्या होत्या म्हणून सजावट करणाऱ्यांनी पाट्या उतरवल्या, एका खोक्यात टाकल्या आणि समारंभ संपल्यावर हाताला येतील तशा परत लावल्या. काही ठिकाणी स्प्रिंग सापडली नाही, तिथे साधी तार पक्कडीने आवळून टाकली. आम्ही तपासायला गेलो तेव्हा पंख्यासारखी पाने असलेल्या एका झाडावर पिसासारखी पाने असलेल्या जातीचे नाव होते. ही चूक निदान डोळ्यांना दिसली.

न दिसणारी चूक त्याच रांगेच्या टोकाला होती. तिथे सायकसची, म्हणजे माडासारख्या दिसणाऱ्या पण फुलांऐवजी शंकू धरणाऱ्या वनस्पतीची, दोन झाडे शेजारी शेजारी आहेत. जात एकच, पण ती दोन वेगळ्या ठिकाणांहून वेगवेगळ्या वर्षी आलेली आहेत. त्यांच्या पाट्या अदलाबदल होऊन लागल्या आहेत की बरोबर लागल्या आहेत, हे आता पाने पाहून ठरवता येत नाही. एक नर आहे आणि एक मादी, आणि जुन्या नोंदवहीत सुदैवाने कोणीतरी शंकूच्या आकाराची नोंद केलेली आहे, म्हणून पुढचे शंकू येईपर्यंत वाट पाहून कदाचित उलगडा होईल. जिथे अशी नोंद नाही तिथे तोही होणार नाही. मूळ ठिकाण हरवलेले झाड संशोधनासाठी किंवा त्याच्या मूळ जंगलात पुन्हा लागवड करण्यासाठी जवळजवळ निरुपयोगी ठरते. जगभरातल्या वनस्पती उद्यानांच्या नोंदी एकत्र करून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्ञात वनस्पती-प्रजातींपैकी किमान ३० टक्के आणि धोक्यात असलेल्या ज्ञात प्रजातींपैकी ४१ टक्क्यांहून अधिक प्रजाती कुठल्या ना कुठल्या उद्यानात जतन झालेल्या आहेत, असे त्यात दिसून आले. हे आकडे काढता आले, कारण कुठेतरी कोणीतरी पाट्या आणि नोंदवह्या जपल्या होत्या. आपल्याकडे त्या खोक्यात टाकल्या गेल्या.

रात्रीचा मुद्दा त्याच्या खालोखाल येतो. फुलोऱ्याच्या दिवसांत एका संध्याकाळी उद्यान उशिरापर्यंत उघडे ठेवून गोरखचिंचेखाली वर्ग भरत असे. तिची फुले लांब देठांवर खाली लोंबतात आणि दिवस मावळताना उमलतात. पांढऱ्या पाकळ्या मागे वळतात, मध्ये पुंकेसरांचा दाट गोंडा सुटतो, आंबूस वास पसरतो आणि अंधार पडला की फळे खाणारी वटवाघळे येऊ लागतात. दुसऱ्या दिवशी ती फुले तपकिरी होऊन गळतात. म्हणजे जे पाहायचे ते त्या रात्रीच. मागच्या हंगामात तो वर्ग रद्द झाला, कारण त्या संध्याकाळी हिरवळ दिलेली होती. झाडावर खालून प्रखर झोत सोडलेले होते आणि ध्वनिक्षेपक बुंध्याला टेकवून ठेवला होता. माणसांचा वर्ग पुढे ढकलता येतो, वटवाघळांना तशी सूचना देता येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये कुरणांवर प्रयोग करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, रात्री कृत्रिम प्रकाश पाडलेल्या जागी फुलांवर येणाऱ्या निशाचर परागवाहकांच्या भेटी अंधाऱ्या जागांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. ती कुरणे होती आणि तिथले परागवाहक कीटक होते, आपल्याकडे उद्यान आहे आणि वटवाघळे आहेत, हे मला मान्य आहे. पण प्रकाशाचा परिणाम तपासण्याची तसदी तरी समितीने घ्यायला हवी होती. शिवाय अनेक वनस्पतींचे फुलणे अखंड अंधाराच्या लांबीवर अवलंबून असते, हे १९३८ पासून शास्त्राला माहीत आहे. मध्यरात्रीचा थोडासा प्रकाशही अशा काही जातींचे फुलणे रोखतो.

आता वर्गांविषयी. सूचनेत त्यांचा उल्लेख ‘नागरिकांना दिली जाणारी सवलत’ असा आहे. सवलत कोण कोणाला देत होते, हे समितीने एकदा नीट पाहावे. पाट्या तपासणारा गट वनस्पती ओळखण्याच्या वर्गातून उभा राहिला. कोणत्या झाडाला पालवी केव्हा फुटली, कळ्या केव्हा आल्या, फळे केव्हा पिकली, याच्या साप्ताहिक नोंदी वर्गातले लोक ठेवतात. त्या सलग असल्यामुळेच त्यांना किंमत आहे आणि त्यांत एका वर्षाचा खंड पडला तर तो नंतर भरून काढता येत नाही. दुसऱ्या उद्यानांशी बियांची देवाणघेवाण करण्यासाठी जी यादी दरवर्षी तयार होते, तिच्यासाठी बी गोळा करणे, निवडणे, वाळवणे आणि पाकिटांवर क्रमांक घालणे हे कामही याच हातांनी होते. वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात कागदावर नमुने टाचणाऱ्या ज्येष्ठ भगिनी त्याच वर्गातून आल्या. कर्मचारी कमी आणि संग्रह मोठा, अशा परिस्थितीत उद्यान ज्या हातांवर चालले आहे ते हात तयार करणारी जागाच आपण बंद करत आहात.

कलमांचा वर्ग तर मुख्य माळीच घेत असत. डोळा भरताना, म्हणजे एका झाडाचा डोळा दुसऱ्याच्या सालीखाली बसवताना, सालीला टी-आकाराचा छेद किती खोल द्यायचा, हे त्यांनी सांगितल्याने कोणालाच कळले नव्हते. त्यांनी प्रत्येकाच्या हातात चाकू देऊन, सालीखालचा ओलसर थर बोटाला लागू देऊन ते दाखवले. साल सहज सुटली नाही तर त्या दिवशी डोळा भरायचा नाही, झाड तयार नाही असे समजायचे, हे त्यांचे म्हणणे. नव्या व्यवस्थेत ‘तज्ज्ञ संस्थेमार्फत सशुल्क कार्यशाळा’ होतील असे कळते. त्या यादीत मेणबत्त्या बनवणे आहे, काचेच्या बरणीतली सजावट आहे आणि ताणमुक्तीचे सत्र आहे. कलमे बांधणे नाही. मेणबत्त्यांना माझा विरोध नाही. त्या कुठल्याही सभागृहात करता येतात. ताजी साल असलेली फांदी आणि ती ओळखणारा माळी मात्र इथेच मिळतो.

दृष्टिहीन व्यक्तींसाठी स्पर्श आणि गंधाची फेरी होत असे, तीही स्थगितीत गेली आहे. तिला खर्च जवळजवळ नव्हता. दोन स्वयंसेवक, ठरलेला मार्ग आणि कुस्करून वास घेता येईल अशी काही पाने, एवढ्यात ती होत असे. ही फेरी समारंभांच्या आड येते असे कोणीही म्हणू शकणार नाही. ‘सर्व वर्ग’ या दोन शब्दांत ती सापडली, एवढेच तिच्या बंद होण्याचे कारण दिसते.

मुलांच्या वाफ्यांवर वाहनतळ करण्याचा निर्णय मला सर्वांत अनाकलनीय वाटतो. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या वनस्पती उद्यानाने १९१४ मध्ये मुलांसाठी वाफे आखून दिले आणि मुलांनी स्वतः पेरून, निंदून, काढून घरी न्यायचे हा त्यांचा उपक्रम शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. आपल्याकडचे वाफे त्या मानाने लहान आहेत, पण त्यांतली माती आज काळी आणि भुसभुशीत झाली आहे ती उद्यानातलाच पाचोळा वर्षानुवर्षे कुजवून घातल्यामुळे. तिच्यावर खडी टाकून रोलर फिरवला की ते सगळे एका दुपारीत संपेल. आणि हे कशासाठी, तर समारंभाला येणाऱ्यांना फाटकापासून चालावे लागू नये म्हणून. वनस्पती उद्यानात आलेल्या माणसाला झाडांमधून थोडे चालावे लागले तर त्यात गैरसोय कसली, हे मला खरोखर समजलेले नाही.

शनिवार-रविवारी दुपारनंतर सामान्य लोकांना अर्धे उद्यान बंद राहणार, हेही नोंदवून ठेवते. कामकाजाच्या दिवशी ज्यांना सवड मिळत नाही त्यांच्या वाट्याला मग काय उरते, याचे उत्तर सूचनेत नाही.

पैशांचा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून आम्ही मागण्या करत नाही. हरितगृहाचे गळके छप्पर, पाण्याचे पंप, माळ्यांचे पगार हे कौतुकाच्या शब्दांवर चालत नाही. पण भाड्याचे उत्पन्न सांगताना समितीने फक्त जमेची बाजू सांगितली आहे. गवत बदलण्याचा खर्च, फुटलेल्या जलवाहिनीची दुरुस्ती, साफसफाईत गेलेले माळ्यांचे दिवस, स्वयंसेवकांनी विनामूल्य दिलेल्या आणि आता न मिळणाऱ्या कामाचे मोल, आणि जुन्या झाडांची झालेली हानी हे सगळे खर्चाच्या बाजूला मांडल्यावर शिल्लक किती राहते, ते आम्हाला पाहायचे आहे. दुसरे मार्गही आहेत. फाटकाजवळचे फरसबंदीचे आवार भाड्याने देता येईल. तिथे कोणत्याही झाडाची मुळे नाहीत. ज्यांना परवडते त्यांच्याकडून वर्गांचे शुल्क घ्यावे आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी जागा राखून ठेवाव्यात, याला आमच्यापैकी कोणाचीही हरकत नाही. वर्गात केलेली कलमे आणि रोपे रोपवाटिकेतून विकता येतील. गोरखचिंचेखालच्या रात्रीच्या वर्गाला दर वेळी जागा अपुरी पडत असे. तसे वर्ग वाढवले तर लोक पैसे देऊन येतील, असे मी खात्रीने सांगू शकते. फुलोऱ्यांच्या नोंदी आमच्याकडे आहेत, त्यांवरून वर्षभराच्या कार्यक्रमांची दिनदर्शिका बनवता येईल आणि ती बनवून देण्याची आमची तयारी आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत.

अभ्यासवर्ग, स्पर्श-गंधाची फेरी आणि मुलांचे वाफे यांना दिलेली स्थगिती मागे घ्यावी. शिक्षण विभागाला पूर्वीसारखा स्वतंत्र जबाबदार अधिकारी द्यावा. ‘कार्यालय पाहील’ याचा अर्थ कोणीच पाहणार नाही, असा आमचा अनुभव आहे.

जुन्या आणि नोंदलेल्या झाडांभोवती संरक्षित क्षेत्र आखून ते जमिनीवर खुणा करून दाखवावे. बांधकामाजवळच्या झाडांसाठी ब्रिटिश मानकात जो नियम आहे तो वापरता येईल: जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोडाचा जो व्यास भरेल त्याच्या १२ पट त्रिज्येचे वर्तुळ, कमाल १५ मीटर त्रिज्येपर्यंत. या वर्तुळात मांडव, वाहन, जनित्र आणि खुंट यांना पूर्ण बंदी असावी. पावसाने माती ओली असेल तर हिरवळीवर कोणतेही वाहन कोणत्याही कारणाने येऊ नये.

कोणत्याही कारणासाठी पाटी उतरवण्याचा अधिकार केवळ संग्रहाच्या नोंदी ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला असावा, आणि खोडांना दिवे, खिळे वा तार लावण्यास मनाई असावी. ही अट कंत्राटात लिहावी व तिच्या भंगासाठी दंड ठेवावा. माडवर्गीय झाडांच्या भागातल्या सर्व पाट्यांची नोंदवहीशी ताबडतोब पडताळणी करावी. आमचा गट हे काम विनामूल्य करेल. आम्हाला फक्त जुन्या नोंदवह्या पाहायची परवानगी हवी आहे, जी गेल्या हंगामापासून मिळालेली नाही.

दिवे आणि ध्वनिक्षेपक बंद करण्याची वेळ ठरवून ती जाहीर करावी. रात्री उमलणाऱ्या झाडांच्या फुलोऱ्याच्या काळात त्यांच्या आसपास समारंभ देऊ नयेत.

कंत्राटाची प्रत, प्रायोगिक समारंभांचा जमाखर्च आणि हा निर्णय ज्या बैठकीत झाला तिचे इतिवृत्त माहितीकक्षात सर्वांना पाहायला ठेवावे. यापुढे उद्यानाच्या वापरात असा बदल करण्यापूर्वी नागरिकांची उघड बैठक घ्यावी आणि तिला माळ्यांच्या प्रतिनिधीला बोलवावे. वर्गांना येणाऱ्यांपैकी एकाला समितीवर घ्यावे, ही मागणी आम्ही पूर्वीही केली होती, ती पुन्हा करत आहोत.

यांपैकी कोणती मागणी मान्य आहे, कोणती नाही आणि नसेल तर का, याचे लेखी उत्तर आपल्या पुढच्या बैठकीनंतर माहितीकक्षाच्या त्याच काचेवर लावावे, अशी विनंती आहे. वाफ्यांवर खडी टाकण्याचे काम मात्र त्या उत्तरापर्यंत थांबवावे, कारण ते एकदा झाले की त्या मागणीवर चर्चा करण्यासारखे काही उरणार नाही. सायकसला शंकू आल्यावर दोन्ही पाट्यांचा जो काही उलगडा होईल, तो नोंदवहीत लिहून घेण्यासाठी कोणाकडे द्यायचा, तेही कृपया कळवावे. सध्या त्या टेबलावर कोणी बसत नाही.

आपली नम्र,
पाट्या तपासणाऱ्या गटातील एक स्वयंसेविका